८, १५, २५ की ४०? टू-स्ट्रोक आउटबोर्डचा भरवसा कसा जोखायचा

होडीसाठी आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर टांगायचं मशीन, घ्यायचं म्हटलं की बंदरावर दोन मतं हमखास कानावर येतात. एक म्हणतो, लहान मशीन कायम कुरकुरतं, घ्यायचं तर ४० हॉर्सपॉवरचंच घे. दुसरा म्हणतो, मोठ्यात भानगडी फार, ८ घे आणि निवांत राहा. दोघांच्या बोलण्यात तथ्य असतं, पण दोघंही आपापल्या होडीवरून बोलत असतात. कव्हरवर छापलेल्या हॉर्सपॉवरवरून टिकाऊपणा कळत नाही. त्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: एक लिटर सिलेंडरमधून किती ताकद पिळून काढलीय, तुमच्या होडीवर ते मशीन दिवसभर किती थ्रॉटलला चालणार आहे, आणि आत काही बिघडायला लागलं तर ते चालवणाऱ्याला वेळेत कळतं का.

उदाहरणांसाठी यामाहाच्या एंड्युरो पद्धतीची (रोजच्या कष्टाच्या कामासाठीची), कार्बोरेटरवाली मशीनं घेतली आहेत. हिशेब दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या मशीनला तसाच लागू पडतो.

आधी सीसी, मग हॉर्सपॉवर

८ हॉर्सपॉवरचं मशीन १६५ सीसीचं, म्हणजे लिटरमागे ४८ हॉर्सपॉवर. ९.९ आणि १५ ही दोन्ही २४६ सीसीची. त्यात ९.९ला लिटरमागे ४० पडतात, १५ला ६१. ४० हॉर्सपॉवरला ७०३ सीसी, म्हणजे ५७. तीन सिलेंडरचं ६० हे ८४९ सीसीचं, म्हणजे ७१. आणि ७५ हे ११४० सीसीचं, म्हणजे ६६.

हा आकडा जेवढा कमी, तेवढं मशीन पूर्ण थ्रॉटलला सुद्धा आरामात असतं. ९.९ आणि १५ची गंमत यातच आहे. ब्लॉक तोच, पिस्टन तेच, वजनही जवळपास तेच, ३६ किलोच्या घरात. फरक मुख्यतः हवा-पेट्रोलच्या वाटेत. वजनाच्या मानाने ताकद कमी म्हणून ९.९ला नाकं मुरडली जातात, पण दिवसभर पूर्ण थ्रॉटल खाणाऱ्या कामाला या सगळ्या यादीत तेच सर्वांत कमी ताणलेलं आहे. जुन्या बाजारात ९.९चं स्टिकर असलेल्या मशीनला १५चा कार्बोरेटर बसवलेला असू शकतो, तेव्हा स्टिकरपेक्षा सीरियल नंबरच्या पट्टीवरचा मॉडेल कोड वाचावा.

२५ला तर सीसी विचारल्याशिवाय बोलूच नये. एकाच कंपनीची ३९५ सीसीची २५ आहे आणि ४९६ सीसीचीही. पहिलीला लिटरमागे ६३, दुसरीला ५०. पहिली हलकी, दुसरी दमाची. दोन्ही २५च म्हणून विकली जातात आणि एकीचा अनुभव दुसरीच्या नावावर खपतो.

आता दुसरी बाजू. ५,००० आरपीएमला ८ हॉर्सपॉवरचा पिस्टन (स्ट्रोक ४२ मिमी) सेकंदाला सरासरी ७ मीटर पळतो, १५चा (५० मिमी) ८.३ मीटर, आणि ४०चा (७० मिमी) ११.७ मीटर. रिंगांची झीज या वेगाशी बांधलेली असते. कागदावर ४० लवकर झिजायला हवं, पण प्रत्यक्षात ते टिकतं, कारण ४०वाला सहसा ५,००० वर चालवतच नाही. ३,५०० ते ४,००० वर होडी पाण्यावर उचलली गेली की थ्रॉटल सोडतो. ८वाल्याला मात्र सोडायला थ्रॉटल उरलेलाच नसतो.

होडीचं वजन आणि पंखा (प्रोपेलर)

वीस फुटी फायबर होडी, दोन-तीन माणसं, जाळी, बर्फाची पेटी, पेट्रोलचे कॅन. अशी होडी पाणी कापत चालली तर तिचा नैसर्गिक वेग सहा नॉटच्या आसपास थांबतो. त्यापुढे जायचं तर होडी पाण्यावर उचलली गेली पाहिजे आणि भरलेल्या होडीला ते १५ने सहसा जमत नाही. म्हणून निर्णय सरळ आहे. पाच-सहा नॉटने जाळ्यावर जाऊन यायचं असेल तर ९.९ किंवा १५ पुरते. डॉल्फिन दाखवायला प्रवासी घेऊन जायचं किंवा मासे मिळण्याच्या लांबच्या जागी लवकर पोचायचं, तर थेट ४०. मधलं २५ घेऊन होडी उचललीही जात नाही आणि थ्रॉटलही सोडवत नाही, अशी फसगत बऱ्याच ठिकाणी दिसते. हलक्या, सपाट तळाच्या होडीला मात्र २५ छान जमतं.

उलट चूकही तितकीच महागात पडते. ४० लावून दिवसभर गळाने मासे पकडत १,२०० आरपीएमवर रेंगाळलं की प्लग काळे-ओले होतात, रिंगांच्या खाचांत कार्बन बसतो, रिंगा चिकटतात आणि एक दिवस कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) गायब होतं. टू-स्ट्रोकला आळस सोसत नाही. असं काम असेल तर तासाभराने एकदा दोन-तीन मिनिटं चांगला थ्रॉटल द्यावा.

मशीन कुठल्याही आकाराचं असो, त्याची खरी परीक्षा टॅकोमीटरवर, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या मीटरवर होते. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं साधं डिजिटल टॅको स्वस्तात मिळतं. नेहमीचं वजन भरून, सपाट पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या. ४,५०० ते ५,५०० च्या पट्ट्यात, शक्यतो ५,००० च्या वर आकडा आला पाहिजे. ४,२०० लाच अडकत असेल तर पंखा जड आहे. मशीन दबून चालतं, आत उष्णता साठते, कार्बन धरतो आणि पिस्टन मार खातो. कमी पिचचा (एका फेरीत कमी अंतर कापणारा) पंखा लावा. पिच एक इंच कमी केलं की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतात. मशीन ५,८००-६,००० ला जात असेल तर पंखा हलका आहे किंवा मशीन वर बसलंय आणि पंखा हवा ओढतोय. गियरकेसवरची (पंख्यामागच्या गियरच्या डब्यावरची) आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्या खाली इंचभर, एवढंच अंतर ठेवायचं. मागची फळी १५ इंचांची असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० इंचांची असेल तर लाँग. वीस इंची फळीवर शॉर्ट शाफ्ट टांगून लाटेत पंखा भिरभिरवत ठेवला तर चांगलं मशीनही एका हंगामात वाया जातं.

कुठल्या आकारात काय बिघडतं

दोन ते साडेतीन हॉर्सपॉवर: एकच सिलेंडर, वरच टाकी, वजन दहा ते तेरा किलो. मोडण्यासारखं फारसं काही नाही. त्रास येतो तो कार्बोरेटरच्या केसाएवढ्या जेटमध्ये कचरा अडकण्याचा आणि पंख्याची शिअर पिन तुटण्याचा. पिन तुटते म्हणजे ती आपलं काम करते, खडकाचा धक्का ती आपल्यावर घेऊन गियर वाचवते. तिच्या जागी खिळा घालू नये. पुढच्या खडकाला गियरच जाईल. एक सिलेंडर असल्यामुळे प्लग मेला की मशीन मेलं, रांगत घरी येणं नाही. वल्ही सोबत हवीतच.

आठ: दोन सिलेंडर, २७ किलो. एक माणूस खांद्यावर टाकून घरी नेतो, त्यामुळे गोड्या पाण्याने धुतलं जातं, चोरीही होत नाही. लहान मशीनच्या भरवशाचं हे मोठं कारण आहे, पण ते कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं. कमकुवत जागा म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याच्या अरुंद वाटा. खाडीचा गाळ, वाळू आणि वाळलेलं मीठ यांनी त्या लवकर भरतात.

९.९ आणि १५: वर सांगितलंच. सुटे भाग सगळीकडे मिळतात, दोरीने सहज चालू होतात, एक सिलेंडर गेलं तरी दुसऱ्यावर हळूहळू बंदर गाठता येतं. जाळ्याच्या होडीला यापेक्षा मोठं मशीन हवंच असेल तर कारण भक्कम असावं.

४०: दोन मोठे पिस्टन, ७० किलोच्या वर वजन. मशीन दणकट आहे. बिघाड बहुधा आजूबाजूचा असतो: फळी कुजून बोल्ट ढिले होणं, स्टिअरिंगची केबल मिठाने जाम होणं, बॅटरीच्या टर्मिनलवर गंज, स्टार्टर मोटरमध्ये पाणी. म्हणून दोरीचं हँडल असलेलंच ४० घ्यावं. बॅटरी बसली तरी परत येता येतं. हे उचलून घरी नेता येत नाही, ते होडीवरच राहतं. तेव्हा ते किनाऱ्यावर धुण्याची सोय आहे का, हे आधी बघा.

६० आणि ७५: इथे जरा थांबू. तीन सिलेंडर, तीन कार्बोरेटर. दोन सिलेंडरच्या मशीनमध्ये एक कार्बोरेटर अर्धा तुंबला की लगेच जाणवतं; दम निम्मा होतो, मशीन थरथरतं. तीनमध्ये एक तुंबला तर बाकीचे दोन होडी ओढत राहतात. तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, वाटतं आज ओहोटी जोरात आहे. तुंबलेल्या सिलेंडरला पेट्रोल कमी मिळतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे तेलही कमी. तापमान चढतं, पिस्टनचा माथा वितळतो किंवा बाजूने घासून चिकटतो. मोठ्या टू-स्ट्रोकची बदनामी झाली ती बरीचशी अशी. उपाय अवघड नाही: तिन्ही कार्बोरेटर एकदमच साफ करायचे, एक कधीच नाही, आणि महिन्यातून एकदा तिन्ही प्लग काढून शेजारीशेजारी ठेवून पाहायचे. दोन बदामी आणि एक पांढरट दिसला की त्या दिवशी समुद्रावर जाऊ नये.

ऑटो ऑइलिंगचा, म्हणजे तेल आपोआप मिसळणारा, पंप असलेलं जुनं मशीन असेल तर पंप चालतो की नाही हे तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नका. खात्री होईपर्यंत टाकीत ५०:१ मिसळलेलंच पेट्रोल घाला. थोडा धूर जास्त येईल, बिघडणार काही नाही.

जुनी दोन मशीनं समोर असतील तर

१. कव्हर काढा. हेडवरचा रंग फुगलेला किंवा करपलेला असेल तर मशीन तापून गेलेलं आहे. सगळं नव्याने रंगवलेलं असेल तर आणखी बारकाईने पाहा.

२. गियरकेसचा खालचा स्क्रू थोडा ढिला करून तेलाचे चार थेंब बोटावर घ्या. दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे आत पाणी, ऑइल सील गेलं. चकाकता चुरा म्हणजे गियर किंवा बेअरिंग खातंय.

३. न्यूट्रलमध्ये पंखा हाताने फिरवा आणि शाफ्टच्या टोकाकडे बघा. टोक डुलत असेल तर शाफ्ट वाकलाय. नवं सील टाकलं तरी ते टिकणार नाही.

४. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. टकटक जाणवली तर क्रँकचं वरचं बेअरिंग झिजलंय.

५. मशीन गरम करा, बंद करा, सगळे प्लग काढा, वायरी बॉडीला अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलेंडरला चार-पाच वेळा दोरी ओढा. इथे नेहमीची गल्लत होते: ८चा आकडा ४०च्या आकड्याशी ताडून बघितला जातो. दोरीचा वेग, सिलेंडरचा आकार, गेज, सगळंच वेगळं असतं, तेव्हा त्या तुलनेला अर्थ नाही. तुलना एकाच मशीनच्या सिलेंडरांमध्ये करायची. १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. १५ टक्क्यांच्या वर गेला तर रिंगा, पिस्टन किंवा हेड गॅस्केट उघडायची तयारी ठेवून किंमत बोला.

६. ड्रममध्ये पाणी आडव्या पट्टीच्या वर येईल एवढं भरून दहा मिनिटं चालवा. मागून येणारी पाण्याची धार सलग हवी. धार नीट असूनही एक सिलेंडर दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागत असेल तर ब्लॉकमधली वाट मिठाने बंद आहे.

७. हळू चालू असताना एकेक सिलेंडर बंद करून फरक ऐका. प्लगची टोपी नुसती ओढून काढू नका; सीडीआयला (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला) वाट मिळाली नाही तर तो जळू शकतो. टोपीत जादा प्लग घालून तो बॉडीला टेकवून ठेवायचा.

तास मोजणारं मीटर लहान मशीनला नसतं. विकणारा "फक्त हंगामात वापरलंय" म्हणेल. हँडलचं रबर, मशीन वळतं त्या सांध्याच्या (स्विव्हल) बुशातला ढिलेपणा आणि पंख्याखालच्या पात्याची झीज पाहून तास किती झाले असतील याचा अंदाज बांधा.

तेल आणि आजचं पेट्रोल

५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५ लिटरच्या टाकीला अर्धा लिटर. नव्या मशीनला किंवा रिंगा बदलल्यावर पहिले दहा तास २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली. तेल टीसी-डब्ल्यू३ शिक्क्याचंच (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं) घ्यावं. पेट्रोल पंपावर मिळणारी टूटी (2T) तेलाची पिशवी हवेने थंड होणाऱ्या गाड्यांसाठी असते. त्यातल्या धातूयुक्त द्रव्यांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते. लहान मशीन ते काही दिवस सहन करतं, सतत लोडवर चालणारं ४० करत नाही.

फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. बहुतेक जुनी आउटबोर्ड १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलच्या हिशेबाने बनलेली आहेत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. टाकीत पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर बनवतात, आणि टू-स्ट्रोकचं तेल मात्र वर पेट्रोलमध्ये राहतं. मशीनला जाणारी नळी तळातून ओढते. म्हणजे सिलेंडरला तेलाविना पाणीदार इथेनॉल मिळतं आणि पिस्टन सीझ होतो. ८चा रोजचा खप कमी, टाकीतलं पेट्रोल पडून राहतं, त्यामुळे हा धोका लहान मशीनला जास्त. पूर्ण थ्रॉटलला हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा लिटर, म्हणजे १५ला साडेसात आणि ४०ला वीस लिटर, असा अंदाज धरून लागेल तेवढंच पेट्रोल आणा. तीन आठवड्यांहून जुनं मिश्रण मशीनला घालू नका. टाकी आणि मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. नळी कडक किंवा चिकट झाली की बदला, आतून सुटलेलं रबर थेट जेटमध्ये जातं.

वेळेवर करायची कामं

इंपेलर (थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपाची रबरी चक्री) वर्षाला एकदा, वाळूच्या खाडीत असाल तर सहा महिन्यांनी. पाकळ्या एकाच बाजूला वळून राहिल्या असतील तर धार येत असली तरी बदला. तुटलेली पाकळी सापडली नाही तर ती पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकलेली आहे, ती शोधल्याशिवाय मशीन परत जोडू नका.

गियर तेल पहिल्या दहा तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. ९० नंबरचं हायपॉइड, १५ला पाव लिटर, ४०ला ४३० मिलीच्या आसपास. खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून आलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग ट्यूब काढून खालचा. वॉशर प्रत्येक वेळी नवे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात मशीन नुसतं कोपऱ्यात उभं केलं तर नारळी पौर्णिमेला दोरी ओढताना ते हलत नाही. ठेवण्याआधी गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवा, पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर कोरडा होऊन मशीन आपोआप बंद पडू द्या. प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर टीसी-डब्ल्यू३ तेल टाका, दोरी हळूच चार वेळा ओढा, प्लग परत लावा. मशीन उभंच ठेवा. आडवं ठेवलं तर राहिलेलं पाणी एग्झॉस्टच्या वाटेने सिलेंडरमध्ये येतं. पंधरवड्याने एकदा फ्लायव्हील हाताने फिरवा.

एक ४० की दोन १५?

दोन १५चं वजन एका ४०एवढंच होतं. दोन मशीनं म्हणजे दुप्पट भरवसा असं वाटतं, पण दोन्हींच्या नळ्या एकाच टाकीत असतील तर तो भरवसा फक्त दिसायला. खराब पेट्रोलने दोन्ही पाच मिनिटांच्या अंतराने बंद पडतात. दोन टाक्या, दोन फिल्टर, पेट्रोल ओढायचे दोन स्वतंत्र पंप-बल्ब असतील तरच दोन १५ घ्यावीत. शिवाय फळीवर दोघांसाठी पुरेशी रुंदी हवी. एका १५वर भरलेली होडी चार-पाच नॉटने खाडीच्या तोंडाशी येते का, हे भरतीच्या वेळी, शांत दिवशी मुद्दाम करून पाहा. येत नसेल तर एकच ४० आणि सोबत वेगळ्या टाकीवर चालणारं साडेतीनचं जादा मशीन हा स्वस्त पडणारा बेत आहे. ते जादा मशीनही आठवड्यातून एकदा चालू करून ठेवायचं.